दोर धरायला कोण येतं

"मॉरो गोन्सालोचं टोक दिसलं की उठव," असं सांगून ओस्वाल्दो आत जाऊन आडवा झाला. सकाळची वेळ होती, दक्षिणेचा वारा पाठीशी होता, आणि समुद्र त्या किनाऱ्याला न शोभणाऱ्या शहाणपणाने वागत होता. छाती जड वाटतेय म्हणाला. मी म्हटलं, "वाटणारच. काल रात्री मिल्काओवर कसा तुटून पडलास ते बघितलं मी. इतके बटाटे आणि डुकराची चरबी पोटात गेल्यावर छाती हलकी राहील होय?" तो काही बोलला नाही. सुकाणू माझ्या हातात दिलं आणि केबिनच्या बुटक्या दारातून कण्हत, वाकत आत गेला.

हे आमचं शेवटचं बोलणं. इतक्या वर्षांचा संसार, आणि शेवटी मी त्याचं खाणं काढलं.

धुक्यातून मॉरो गोन्सालोचं काळं टोक पुढे आलं तेव्हा मी हाक मारली. पुन्हा मारली. मग एक शिवी हासडली, कारण शिवीला तो हमखास ओ द्यायचा. शेवटी सुकाणू दोराने बांधून आत गेले. तो भिंतीकडे तोंड करून, हात छातीशी घेऊन झोपला होता, नेहमी झोपायचा तसाच. कपाळाला हात लावला आणि मला कळलं. एखाद्या घरात पाऊल टाकताच घरी कोणी नाही हे कळतं, तसं.

मी रडले. पण सुकाणूवर परत येऊन रडले, कारण उजवीकडे खडक होते आणि आमची 'पिलपिलेन' काही माझ्या दुःखासाठी थांबणार नव्हती. लहानशी बोट आमची, एक डोलकाठी, दोन शिडं, खाली दोन माणसं जेमतेम पाय पसरतील एवढी जागा. ओस्वाल्दोने ती आमच्या दाल्काउए गावातल्या घराच्या अंगणात स्वतःच्या हाताने बांधली. तेवढ्या काळात माणसं दोन घरं बांधतात, असं मी त्याला येता-जाता ऐकवत असे.

आम्ही वाल्दिव्हियाला का निघालो होतो ते सांगते. ओस्वाल्दोच्या म्हणण्याप्रमाणे बोटीचा तळ खरवडायचा होता. तळ खरवडायची सोय दाल्काउएत आमच्या दारापासून हाकेच्या अंतरावर आहे. त्यासाठी कोणी दोन दिवस उघड्या समुद्रातून जात नाही. पण मी काही विचारलं नाही. वर्षभर तो असंच आडून आडून बोलत होता. "एलादियोचे गुडघे गेले म्हणे." "एलादियोच्या मुलीने म्हणे जुळ्यांना जन्म दिला." कोण म्हणे, कुणाला म्हणे, ते कधी सांगायचा नाही. एलादियो म्हणजे माझा धाकटा दीर, राहायला वाल्दिव्हियालाच. दोघा भावांचं बोलणं त्यांची आई गेली त्या दिवसापासून बंद होतं. अबोल्याला आमच्याकडे 'बर्फाचा कायदा' म्हणतात, आणि हा कायदा पाळण्यात माझ्या सासरच्या माणसांचा हात कोणी धरणार नाही. माझे सासरे एकदा माझ्या सासूशी सबंध हिवाळाभर बोलले नव्हते, आणि त्याचं कारण वसंत येईपर्यंत दोघेही विसरले होते.

सासऱ्यांची नदीवर लाँच होती. नदीच्या मुखावरच्या कोर्रलपासून वाल्दिव्हियापर्यंत माणसं, बटाटे, कोंबड्या, जे मिळेल ते वाहायचे. त्यांच्या घरात एक रीत होती. घरची होडी धक्क्याला आली की तिचा दोर घरच्याच माणसाने धरायचा. पाऊस असो, ताप असो, भांडण असो. दोर हातात घेऊन स्वतःच उडी मारून बांधावा लागला, तर समजायचं की आपल्याला या गावात कोणी उरलं नाही.

सासूबाई गेल्या तेव्हा ओस्वाल्दो आणि मी दक्षिणेच्या बेटांकडे होतो. निरोप मिळाल्याबरोबर निघालो, पण चाकाओच्या सामुद्रधुनीत वादळाने अडवलं. कसेबसे वाल्दिव्हियाला पोचलो तर धक्क्यावर कोणीच नव्हतं. ओस्वाल्दोने स्वतः उडी मारली, स्वतः दोर बांधला, आणि दफनभूमीत गेला तेव्हा माती टाकूनसुद्धा झाली होती. एलादियोने त्याच्यासाठी दफन थांबवलं नव्हतं. ओस्वाल्दो मातीपाशी उभा राहिला, परत आला, दोर सोडला आणि आम्ही निघालो. एलादियो मागून धक्क्यापर्यंत धावत आला होता, ते मी पाहिलं. ओस्वाल्दोने मान वळवली नाही. त्यानंतर तो या नदीत आलाच नाही.

आणि आता येत होता तो असा.

कोर्रलच्या खाडीत शिरताना बंदराने रेडिओवरून आमचं नाव पुकारलं. ते विचारतातच. कुठून आलात, कुठे चाललात, बोटीवर किती माणसं, आणि शेवटी "काही नवीन?" त्याचं उत्तर ठरलेलं असतं, "नवीन काही नाही." एरवी रेडिओवर ओस्वाल्दो बोलायचा, घसा साफ करून, बिशपसारखा आवाज काढून.

मला माहीत होतं खरं सांगितलं तर काय होईल. राखाडी लाँच येईल, गणवेशातली सभ्य पोरं टोप्या काढतील, त्याला स्ट्रेचरला बांधतील आणि रस्त्याने गाडीत घालून शहरात नेतील. एलादियोला कोणीतरी फोन करेल. एलादियो येईल. येईलच, त्यात शंका नाही. मेलेल्या माणसासाठी सगळेच येतात. ज्यांनी आयुष्यभर तोंड फिरवलं तेसुद्धा काळा कोट घालून येतात, डोळे पुसतात, कॉफी पितात आणि जातात. तसं येणं मला नको होतं. ओस्वाल्दोने वर्षभर आडून आडून जे मागितलं होतं ते वेगळं होतं. तो जिवंत आहे असं समजून एलादियोने यायला हवं होतं. गुडघे दुखत असताना, मानपान गिळून, या हट्टी म्हाताऱ्याचा दोर धरायला. हे झालं की माझ्या नवऱ्याचं काम फत्ते, असं माझ्या डोक्याने घेतलं. आणि एकदा माझ्या डोक्याने घेतलं की मग मीही त्याच घरची सून.

"बोटीवर माणसं किती, सेन्योरा?" रेडिओवरचा पोरगा विचारत होता.

"दोन."

"कप्तान आहेत का बोलायला?"

"झोपलाय. रात्रभर सुकाणूवर होता."

"बरं, झोपू द्या. काही नवीन?"

"नवीन काही नाही," मी म्हटलं. बाकी काही नाही, तरी हाक मारल्यावर उत्तर न देणं यात ओस्वाल्दोच्या बाबतीत नवीन काही नव्हतंच.

निएब्लाचा दीपस्तंभ मागे पडला तेव्हा नदी आमच्या अंगावर वाहत होती. ओहोटी जोरात होती आणि आमचं इंजिन म्हणजे खोकणारं म्हातारं. भरती लागेपर्यंत थांबणं भाग होतं. इस्ला देल रेय बेटाच्या कडेला, मुख्य प्रवाह सोडून, उथळ पाण्यात मी बोट नेली. साठ सालच्या भूकंपात ही सगळी जमीन खचली. त्याआधी इथे सासऱ्यांच्या बापाचं बटाट्याचं शेत होतं, गुरं होती, कुंपण होतं. आता वर पाणी आणि वेत, आणि काळ्या मानेचे हंस. सासऱ्यांनी पोरवयात जिथे बैलांमागे नांगर धरला होता, तिथे मी बोटीचा नांगर टाकला. पहिल्यांदा तो चिखलात घसरत गेला. दुसऱ्यांदा धरला. इतक्या वर्षांत नांगर टाकायचं काम मी कधी केलं नव्हतं, ते ओस्वाल्दो मला करू द्यायचा नाही. "बघ, जमलं," मी आत बघून म्हटलं. म्हणून गेले आणि मग तोंडावर हात धरून बसले.

मग त्याचे केस विंचरले. अंगावर त्याची निळी लोकरी शाल घातली. त्याच्या पायात एकच मोजा होता, दुसरा कुठे गेला तो काही केल्या सापडेना. मी सगळी केबिन उलटीपालटी केली. शेवटी माझा घातला.

तिथे फोन लागत होता. एलादियोचा नंबर ओस्वाल्दोच्या फोनमध्ये 'सुतार' या नावाने लपवलेला होता; ओस्वाल्दोने आयुष्यात कधी सुतार बोलावला नव्हता, म्हणून ओळखला. तेही मला त्याच दिवशी कळलं.

"कोण?" एलादियोचा आवाज म्हातारा झाला होता.

"भाऊजी, मी नोएमी. आम्ही नदीत आहोत. भरती लागली की वर येतो. होड्यांच्या क्लबच्या तरंगत्या धक्क्याला लावू."

मग म्हणाला, "आम्ही म्हणजे? तोही आहे?"

"आहे."

"मग तो का नाही बोलत? त्याची जीभ काय खेकड्याने नेली?"

"तुम्हाला माहीत नाही का तो कसा आहे ते."

"चांगलं माहीत आहे. मला माझ्या आईच्या मातीवर एकटा सोडून गेला, असा आहे. मी मागून ओरडत होतो, वहिनी. सगळा मासळीबाजार बघत होता. आणि आता यांना वाटलं, बोट काढली, आले. मी काय धक्क्यावरचा खुंटा आहे?"

"भाऊजी, भांडायचं तर येऊन भांडा. दोर धरायला या."

"त्याने सांगितलं का तसं? खरं सांग. त्याच्या तोंडून आलं का हे?"

इथे मी अडखळले. "त्याच्या तोंडून काय येतं कधी," मी म्हटलं. "पण आलाय तो त्यासाठीच. तळ खरवडायचं निमित्त करून आलाय."

एलादियो हसला की खोकला, कळलं नाही. "तळ खरवडायला," तो म्हणाला. "गाढव आहे." मग म्हणाला, "माझे गुडघे चालत नाहीत हल्ली. बघतो," आणि फोन ठेवला.

भरती लागली. नांगर ओढताना कंबर मोडायची वेळ आली. नदी चढताना तांबडे बोये उजवीकडे, हिरवे डावीकडे, एवढं तर मला झोपेतही येतं. पण धक्क्याची मला धास्ती होती. आमची पद्धत अशी की धक्क्याला लागताना मी पुढे दोर घेऊन उभी आणि तो मागे सुकाणूवर, आणि दोघांनी एकमेकांवर असं खेकसायचं की धक्क्यावरच्या लोकांनी कामं टाकून बघावं. "डावीकडे घे." "घेतोय ना, आंधळी आहेस का?" आज सुकाणूवर मीच आणि पुढेही मीच. एकटीला खेकसायला कोणी नव्हतं.

वळण संपलं आणि वाल्दिव्हिया दिसलं. मासळीबाजाराच्या पायऱ्यांवर समुद्रसिंह नेहमीप्रमाणे लोळत होते, बायका माशांची डोकी त्यांच्याकडे फेकत होत्या, चर्चची घंटा कसलीशी वाजत होती. उन्हात सगळं शहर धुऊन ठेवल्यासारखं दिसत होतं. त्याचं गाव. मी केबिनचं दार थोडं उघडं ठेवलं होतं, पण तो भिंतीकडे तोंड करून होता. त्याला वळवायची ताकद माझ्यात नव्हती.

तरंगत्या धक्क्यावर क्लबचा रखवालदार उभा होता. एकटाच. मला बघून त्याने हात पुढे केला, "टाका दोर, सेन्योरा."

"नाही," मी म्हटलं. "तुम्ही हात लावू नका."

"अहो, एकट्याच आहात का? प्रवाह बघा कसा आहे. टाका."

"घरचं माणूस येतंय दोर धरायला."

तो माझ्याकडे वेड लागलेल्या बाईकडे बघावं तसा बघत राहिला. मी बोट वळवली आणि प्रवाहात तोंड करून इंजिनाच्या जोरावर जागच्या जागी उभी ठेवली. इंजिन खोकत होतं. मनात म्हणत होते, आला नाही तर काय करशील नोएमी, उडी मारून स्वतः बांधशील? म्हणजे ओस्वाल्दो दुसऱ्यांदाही तसाच आला असं होईल. मी रखवालदाराकडे बघितलंच नाही. वरच्या रस्त्याकडे बघत राहिले.

मग एलादियो उतरणीवर दिसला. एका हातात काठी, दुसऱ्या हातात फडक्याने झाकलेली ताटली. दाढी केली होती, केस ओले करून मागे बसवले होते, आणि अंगात रविवारचा कोट. पाऊल पाऊल टाकत, कठडा धरत, शिव्या देत तो खाली आला. ताटली रखवालदाराच्या हातात दिली आणि धक्क्याच्या कडेला येऊन हात पुढे केले.

मी सुकाणू सोडून पुढे धावले आणि दोर टाकला. त्याने तो पकडला. गुडघे वाकत नव्हते तरी वाकला, खुंट्याला दोन वेढे घातले आणि सासरे मारायचे ती गाठ मारली. बोट धक्क्याला अलगद टेकली.

मी ठरवलं होतं की दोर बांधला की लगेच सांगायचं. पण मी इंजिन बंद करून तोंड उघडणार तेवढ्यात एलादियो बोलायला लागला. माझ्याशी नाही. केबिनच्या दाराकडे बघत, आणि थोडं आकाशाकडे.

"ये की बाहेर," तो म्हणाला. "तुझ्या भावजयीने, मार्गारिताने, कूखेन केक दिलाय, रासबेरीचा. तुझ्यासाठी नाही, वहिनीसाठी. पण तुला एक तुकडा मिळेल."

आतून काही नाही.

"बरं. बाहेर येऊ नकोस. तिथूनच ऐक." त्याने काठी दोन्ही हातांत धरली. "मी थांबलो होतो. हे तुला कोणी सांगितलं नसेल. सगळे म्हणत होते, उरका, मी म्हटलं, दादा येतोय. मग मला राग आला. वादळ होतं हे मला माहीत होतं. तरी राग आला. वाटलं, हा कधीच नसतो. बाबा आजारी होते तेव्हा नव्हता, आई मला रात्री त्याच्या नावाने हाक मारायची तेव्हा नव्हता, आणि आता मी का थांबू? म्हणून नाही थांबलो. आणखी एक दिवस थांबता आलं असतं. कोणाचं काही बिघडत नव्हतं." मग म्हणाला, "मी चुकलो, दादा."

रखवालदार कूखेनची ताटली हातात घेऊन पाण्याकडे बघत होता. मला बोलायला हवं होतं. इतक्या वर्षांत त्या घरात कोणी 'मी चुकलो' म्हटलेलं मी ऐकलं नव्हतं.

एलादियोने वाट पाहिली. मग मान हलवली, आणि त्याच्या चेहऱ्यावर हसू आलं, जुनं, लहान भावाचं. "बघ वहिनी. बर्फाचा कायदा. सत्तरीचा झाला तरी फुगून बसायचं काही सोडलं नाही." तो हळूहळू खाली बसला, पाय धक्क्यावरून सोडून. "हरकत नाही. फुग तू. मी इथेच बसतो. तुझा रुसवा जाईपर्यंत बसतो. मला आज दुसरं काही काम नाही."

"भाऊजी," मी म्हटलं. "तो रुसलेला नाही."

त्याने माझ्याकडे बघितलं. मग अर्ध्या उघड्या दाराकडे. आतल्या निळ्या शालीचा कोपरा तिथून दिसत होता. मला आणखी काही सांगावं लागलं नाही. हसू चेहऱ्यावरून लगेच गेलंसुद्धा नाही, तसंच राहिलं थोडा वेळ, कोणी काढायचं विसरल्यासारखं.

"कधी?"

"सकाळी. झोपेत."

"मग फोन केलास तेव्हा..."

"तेव्हा गेलेला होता."

"आणि तू सांगितलं नाहीस." त्याच्या आवाजात राग नव्हता. राग असता तर मला बरं झालं असतं.

"सांगितलं असतं तर तुम्ही आलाच असता," मी म्हटलं. "मेलेल्यासाठी आला असता. मला तुम्ही त्याच्यासाठी यायला हवे होतात. आणि तुम्ही आलात. त्याच्यासाठी आलात, भाऊजी. हे कोणी नाकारू शकत नाही."

एलादियो दोराकडे बघत होता, स्वतः बांधलेल्या गाठीकडे.

"मग त्याला काय कळलं, वहिनी?" तो म्हणाला. "मी आलो, हे दादाला काय कळलं?"

सबंध दिवस मी ओस्वाल्दोची बाजू लढवत नदी चढून आले होते. रेडिओवरच्या पोराशी खोटं बोलले, रखवालदाराला धुडकावलं, या म्हाताऱ्याला दुखऱ्या गुडघ्यांनी खाली उतरवलं, त्याच्याकडून नको ते वदवून घेतलं. आणि हा साधा प्रश्न माझ्या डोक्यात एकदाही आला नव्हता. मी वागले होते जणू ओस्वाल्दो आत दाराला कान लावून बसलाय, आणि आता संध्याकाळी जेवताना मिशीतल्या मिशीत हसत म्हणेल, आला ना शेवटी.

"नाही कळलं, भाऊजी," मी म्हटलं, आणि माझा नवरा गेला हे मला तेव्हा कळलं.